ओटीजीत भाजलेला रोहू कोरडा पडतो आणि मातकट लागतो. कामाच्या दिवशी रात्री साधा भाजलेला मासा कसा करावा?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा : परभणीत राहता, दोघंही नोकरीला, घरी यायला सात-साडेसात होतात. घरात १९ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा लहान ओव्हन आहे. बाजारात मिळतो तो धरणातला नाहीतर तळ्यातला रोहू, कटला, चिलापी. इंटरनेटवरची सॅल्मनची कृती जशीच्या तशी रोहूला लावली, तर मासा वरून करपला, आतून भुसा झाला, ट्रेत पाणी साचलं आणि तोंडात चिखलाची चव आली.

ओव्हनचा दोष यात थोडाच आहे. सॅल्मन अंगानेच तेलकट असतो, म्हणून पाच मिनिटं जास्त राहिला तरी निभावून नेतो. रोहू-कटल्याच्या मांसात चरबी त्या मानाने कमी, त्यामुळे भाजताना चुकायला जागा दोन-तीन मिनिटांचीच. आणि मातकटपणा ओव्हनमध्ये जात नाही, तो आधीच काढून टाकावा लागतो. मासा आत जाण्यापूर्वीची पंचवीस मिनिटं नीट गेली की पुढचं काम सोपं आहे.

सुरुवात मासोळीवाल्याकडे होते. आपल्याकडे काही न सांगता मासा घेतला की तो तळायचा किंवा रश्श्याचा समजून पातळ तुकडे करून देतात. तसले अर्ध्या इंचाचे तुकडे ओव्हनमध्ये वरचा रंग येईपर्यंत आतून वाळून जातात. तेव्हा आधीच सांगा : “भाजायचाय, इंचभर जाड आडवे काप करा, डोकं वेगळं द्या.” इंचभर म्हणजे अडीच सेंटिमीटर. सगळे काप एकाच जाडीचे हवेत. शेपटीकडचा भाग निमुळता असतो, तो डोक्यासोबत रश्श्याला ठेवा.

चौघांसाठी सव्वा ते दीड किलोचा रोहू पुरतो. डोकं, खवले, पोट गेल्यावर पाऊण ते एक किलो काप हातात येतात. कटल्याचं डोकं मोठं, म्हणून तो घ्यायचा तर थोडा जास्त घ्या. फार लहान मासा भाजायला घेऊ नका. रोहूच्या पाठीकडच्या मांसात दुटोकी बारीक काटे असतात. मोठ्या माशात ते बोटाला लागतात, लहान माशात लागत नाहीत आणि घशात जातात. मुलांना पोटाकडची पेटी द्या, तिथे फक्त लांब बरगड्या असतात.

ताजेपणा बघायचा तो कल्ल्यावरून. कल्ला लाल आणि ओलसर हवा. तपकिरी, चिकट झाला असेल तर मासा बर्फात बरेच दिवस पडलेला आहे. आपल्याकडे पैठणच्या नाथसागरातला, येलदरीचा, माजलगावचा मासा येतो तसाच आंध्रातला तळ्यातला रोहूही बर्फात भरून येतो. तो वाईटच असतो असं नाही, पण कल्ला न बघता घेऊ नका. पोट दाबलं की बोटाचा खड्डा भरून आला पाहिजे. साफ करताना पित्ताची पिशवी फुटली तर आत हिरवट डाग दिसतो. तेवढा भाग कापूनच टाका. धुऊन ते कडूपण जात नाही.

आता मातकट वास. गोड्या पाण्यातलं नीळहरित शेवाळ आणि गाळातले काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. पाऊस पडल्यावर मातीला जो वास येतो त्यातही हेच असतं. मासा ते कल्ल्यांवाटे घेतो आणि चरबीत साठवतो. म्हणून हा वास माशात सगळीकडे सारखा नसतो : पोटाच्या आतलं काळं पापुद्र, कण्याला चिकटलेलं गोठलेलं रक्त आणि कातडीखाली बाजूने जाणारी गडद तांबूस पट्टी, या तीन ठिकाणी जास्त. पापुद्र आणि रक्त काढायचं काम मासोळीवाला क्वचितच नीट करतो. घरी नळाखाली धरून चमच्याच्या टोकाने खरवडा. रक्ताची रेघ तर कण्याच्या खोबणीत लपलेली असते, नखाने किंवा जुन्या टूथब्रशने निघते. आठ कापांना पाच मिनिटं लागतात, आणि अख्ख्या कृतीत सगळ्यात जास्त फरक याच पाच मिनिटांनी पडतो.

उरलेला वास आंबटाने कमी होतो, कारण आम्लात जिओस्मिनचं रूप बदलतं आणि नव्या रूपाला तसा वास नसतो. आपल्या घरात आंबट ताक असतंच. दोन वाट्या ताक, एक चहाचा चमचा मीठ, पाव चमचा हळद कालवून काप त्यात दहा मिनिटं बुडवा आणि मग धुऊन टाका. ताक नसेल तर एका लिंबाचा रस आणि दोन वाट्या पाणी, किंवा चिंचेचा पातळ कोळ चालेल. पण दहाची पंधरा मिनिटं, त्यापुढे नको. निव्वळ लिंबू चोळून तासभर ठेवायला पुष्कळ जण सांगतात. त्याने मांस वरून पांढरं, खडूसारखं होतं आणि भाजल्यावर भुसभुशीत लागतं. तुमचा भुसा यातूनही झालेला असू शकतो. सकाळी लिंबू लावून फ्रिजमध्ये ठेवून कामावर जायचं असा बेत असेल तर तो सोडा. सकाळी फक्त साफ करून, पुसून, डब्यात बंद करून फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. आंबट संध्याकाळी.

धुतल्यावर पुसा. स्वच्छ सुती फडक्यावर काप पसरून वरून दुसरं फडकं दाबा. कातडीच्या बाजूने, पोटाच्या खोलगट जागेत, सगळीकडे. ओला मासा ओव्हनमध्ये आधी स्वतःच्या पाण्यात शिजतो, कारण वरचं पाणी उडून जाईपर्यंत पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही. रंग येत नाही म्हणून आपण वेळ वाढवतो आणि आतलं मांस कोरडं पडतं. ट्रेतलं पाणी आणि वाळलेला मासा एकाच वेळी दिसतात ते यामुळे.

मसाला ओव्हनच्या भरवशावर सोडू नका, हे माझं ठाम मत. सोळा मिनिटांत ओल्या थराखालचा लसूण आणि तिखट कच्चंच राहतं. आधी परतून घ्या. पाऊण-एक किलो कापांना : बारा पाकळ्या लसूण, इंचभर आलं आणि मूठभर कोथिंबिरीचे देठ, पाणी न घालता वाटून. लहान कढईत तीन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल तापवून हे वाटण मंद आचेवर मिनिट-दीड मिनिट परता, कच्चा वास गेला की गॅस बंद. मग त्या गरम तेलातच दोन चहाचे चमचे काळा मसाला, एक चमचा लाल तिखट, अर्धा चमचा हळद, दीड चमचा मीठ आणि एक मोठा चमचा येसर. विकतच्या काळ्या मसाल्यात बरेचदा मीठ असतं, तेव्हा चाखून बघा. कोमट झालं की अर्ध्या लिंबाचा रस. मिश्रण चमच्यावरून घसरता कामा नये, थापता आलं पाहिजे.

येसर का, तर ते भाजलेल्या धान्यांचं आणि डाळीचं पीठ आहे, मसाला त्यातच मुरलेला. आमटी दाट करायला जे काम करतं तेच इथे करतं : माशातून सुटणारं पाणी शोषतं आणि मसाला ओघळू देत नाही. भाजलेलं असल्याने पिठूळ लागत नाही. येसर संपलं असेल तर कोरडं भाजलेलं बेसन घ्या. कच्चं ज्वारीचं पीठ नको, दाताखाली कचकचतं. शेंगदाण्याचं कूट आणि सुकं खोबरं मसाल्यात घालायचा मोह होईल. दोन्ही वरच्या कॉइलखाली मासा व्हायच्या आधी करपतात आणि तो कडवटपणा सगळ्या ताटाला लागतो. हवंच असेल तर शेवटच्या तीन मिनिटांत वरून भुरभुरा. घाण्याचं करडईचं तेल मसाल्यात छान लागतं, पण ट्रेला लावू नका, उघड्यावर लवकर धुरकटतं.

मसाला कापांच्या दोन्ही बाजूंना चोळा, पोटाच्या खोलगट जागेत पातळच. दहा मिनिटं बाहेर ठेवलं तरी पुरे. मे महिन्यात मात्र ओट्यावर ठेवू नका, ओव्हन तापेपर्यंत फ्रिजमध्येच असू द्या.

ओव्हनकडे वळण्याआधी भिंतीकडे बघा. १५०० वॅटचा ओटीजी साडेसहा अँपिअर ओढतो. तो सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला लावू नका, प्लग तापतो, वास येतो. १६ अँपिअरचं मोठं सॉकेट हवं. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर हा भार चालत नाही, तेव्हा वीज जायच्या वेळा ठाऊक असतील तर बेत त्या हिशेबाने करा.

दुसरी गोष्ट संध्याकाळच्या व्होल्टेजची. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० च्या जागी १९० व्होल्ट येत असेल तर उष्णता साधारण दोन तृतीयांश मिळते; १५०० वॅटचा ओव्हन हजार वॅटच्या आसपास काम करतो. म्हणून “दहा मिनिटं प्रीहीट” हे वाक्य सगळ्या घरांत खरं ठरत नाही. तापमान २०० अंशांवर, वर-खाली दोन्ही कॉइल चालू, आणि दिवा विझायची वाट बघा. दिवा विझला की आणखी तीन-चार मिनिटं थांबा, हवा तापलेली असते पण भिंती तापायच्या असतात. वीस मिनिटं झाली तरी दिवा विझत नसेल तर व्होल्टेज फार खाली आहे. त्या दिवशी सरळ तव्यावर झाकण ठेवून करा, कारण अर्धवट तापलेल्या ओव्हनमध्ये मासा नुसता वाळतो. फॅनवाला किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर १८० अंश. साध्या मायक्रोवेव्हवर हे करू नका, तिथे मासा वाफवला जाईल, भाजला जाणार नाही.

प्रीहीट करताना ट्रे रिकामा तापवू नका. ट्रेला तेल लावून दोन कांद्यांच्या अर्धा सेंटिमीटर जाड चकत्या पसरा, चिमूटभर मीठ, आणि तो ट्रे शेवटच्या आठ मिनिटांसाठी आत सरकवा. कांदा अर्धा होतो, ट्रे गरम होतो, आणि नंतर वर ठेवलेला मासा चिकटत नाही. नुसता कांदा माशासोबत ठेवला तर सोळा मिनिटांत कचवट राहतो. टोमॅटोच्या चकत्या मात्र नकोत. तुम्ही त्या घातल्या असतील तर ट्रेतल्या पाण्यातलं बरंचसं त्यांचंच असणार. बटाटा घालायचा तर आधी उकडून. कच्च्या बटाट्याला पाऊण तास लागतो, तोवर मासा संपलेला असतो.

फॉइलबद्दल दोन शब्द. वरून झाकलं की वाफ कोंडते, हे उघड आहे. पण लिंबू, मीठ आणि ॲल्युमिनियम एकत्र तापले की फॉइलला बारीक छिद्रं पडतात आणि चवीला धातू उतरतो. फॉइल ट्रे वाचवायला घालायचीच असेल तर तिच्यावर बेकिंग पेपर ठेवा, मासा थेट टेकू देऊ नका. वाण्याकडचा मेणचट पातळ कागद त्या जागी चालत नाही, तो धुमसतो. कागदाच्या कडा कॉइलपर्यंत वर येऊ देऊ नका.

कांद्यावर काप आडवे ठेवा, दोघांत एक बोट तरी अंतर राहू द्या. १९ लिटरच्या ट्रेत सहा काप नीट बसतात. आठ कोंबले की पुन्हा वाफ. दोन घाणे करा. दुसरा घाणा आत असताना पहिला जेवता येतो, आणि आपल्याकडे तसंही सगळे एकदम कुठे बसतात!

लहान ओटीजीत वरची कॉइल पदार्थापासून जेमतेम चार बोटांवर असते. म्हणून ट्रे मधल्या खाचेत नको, त्याच्या एक खाच खाली. इंचभर जाडीच्या कापांना २०० अंशांवर चौदा मिनिटांचा गजर लावा. दार मध्येच उघडून बघू नका, लहान ओव्हनची उष्णता दार उघडताच जाते. उलटायची गरज नाही, खाली गरम कांदा आहे. चौदा मिनिटांनी वरून चमचाभर तेल सोडा, ट्रे एक खाच वर घ्या आणि फक्त वरची कॉइल ठेवून दोन ते तीन मिनिटं. इथे ओव्हनसमोरच उभं राहायचं.

झाला की नाही हे रंगावरून कळत नाही, काळ्या मसाल्याचा रंग आधीपासूनच गडद असतो. सगळ्यात जाड कापाच्या कण्याशेजारी सुरीचं टोक घालून हलकंच उचका. मांस काट्यापासून सहज सुटलं, दुधाळ पांढरं दिसलं आणि ओलावा अजून चकाकत असेल, तर झाला. काट्याला धरून बसलं आणि काचेसारखं दिसलं तर आणखी दोन मिनिटं. कापाच्या कडेतून पांढरे गोठल्यासारखे थेंब बरेच वर आले असतील तर वेळ जास्त झाला; मांसातलं प्रथिन आकसून आतलं पाणी बाहेर ढकलतंय. पुढच्या वेळी दोन मिनिटं कमी. थर्मामीटर असेल तर जाड भागात ६३ अंश. बाहेर काढल्यावर तीन मिनिटं तसाच ठेवा, कण्याजवळचा भाग तेवढ्या वेळात पुरा होतो.

रोहूऐवजी चिलापी मिळाली तर काम आणखी हलकं. तिच्यात रोहूसारखे दुटोकी काटे नसतात, म्हणून लहान मुलांच्या घरी मी तीच सुचवेन. ३०० ते ४०० ग्रॅमची अख्खी घ्या, दोन्ही बाजूंना काट्यापर्यंत जातील असे तीन-तीन तिरपे छेद द्या, मसाला छेदांत भरा, २०० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं. मातकटपणा तिच्यातही असतो, ताक चुकवू नका. मरळ मिळाली तर उत्तमच, घट्ट मांस आणि काटे कमी, फक्त महाग. गोठवलेले पंगासचे काटे काढलेले तुकडे आणत असाल तर रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवून विरघळू द्या, वाटीभर पाणी निथळतं. मग पुसून बारा मिनिटं पुरतात. बांगडा अंगचाच तेलकट, अख्खा पंधरा मिनिटांत होतो, त्याला मसाल्यातलं तेल निम्मं करा. पण १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते, त्या दिवसांत आपल्याकडे बर्फातला जुना बांगडा ताज्याच्या भावाने मिळतो, तेव्हा धरणातलाच बरा. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी रोहूच्या पोटात गाबोळी निघाली तर ती ट्रेत टाकू नका, उघड्या आचेवर कोरडी खट्ट होते. वेगळी, तव्यावर, झाकण ठेवून.

घड्याळाचा हिशेब असा बसतो. साडेसातला काप ताकात आणि कणीक नाहीतर ज्वारीचं पीठ परातीत. पावणेआठला धुऊन पुसून मसाला, ओव्हन चालू. तो तापेपर्यंत भाकरी. सव्वाआठच्या आत मासा आत जातो, साडेआठच्या सुमाराला पहिला घाणा ताटात. वीज मध्येच गेली तर दार उघडू नका. दहा मिनिटं होऊन गेली असतील तर आतल्या उष्णतेवर काप जवळजवळ होत आलेले असतात, उरलेलं तव्यावर दोन मिनिटांत. दहाच्या आत गेली तर सगळे काप थेट तव्यावर घ्या, गार ओव्हनमध्ये ठेवून वाट बघू नका.

सोबत ज्वारीची भाकरी, ट्रेतला कांदा, आणि कच्चा कांदा-लिंबू. भाजलेल्या माशाला कोरड्यास म्हणून, म्हणजे भाकरी बुडवायला, काही पातळ लागतंच. डोकं-शेपटीचा पातळ रस्सा त्याच कढईत, मसाल्याचं उरलेलं तेल न धुता, वीस मिनिटांत होतो. नाहीतर वाटीभर येसर आमटी.

ओव्हनला वास राहतो ही तक्रार बहुतेक त्याच्या तळाच्या कचरा-ट्रेची असते. जेवण झाल्यावर तो बाहेर काढून धुवा. ओव्हन कोमट असतानाच खायच्या सोड्याच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने आतून पुसा, पण कॉइलला पाणी लावू नका, आणि दार उघडं ठेवून झोपा. घरात सोमवार, गुरुवार, एकादशी पाळणारं कोणी असेल तर माशासाठी ट्रे आणि जाळी वेगळीच ठेवा. दोन-तीनशे रुपयांचं काम आहे आणि घरातली कुरबुर वाचते.

उरलेले काप दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये गरम करू नका, ते दुसऱ्यांदा भाजले जातात. काटे काढून चुरा करा, कांदा आणि हिरवी मिरची परतून त्यात मिनिटभर हलवा, भाकरीसोबत डब्याला चालतो.